सतराव्या किलोमीटरची वाळू

माझा धाकटा भाऊ गुरुवारी सकाळी समुद्राच्या तळाशी उतरून गॅसच्या पाइपला खेटून आडवा पडणार होता, आणि तो पाइप नेमका तिथेच दगा देऊ शकतो हे मला सोमवारी दुपारी सव्वातीन वाजता कळलं. हातात अडीच दिवस होते. अडीच दिवसांत आमच्या कंपनीत साधा पंखा दुरुस्त होत नाही.

आधी माझं काम सांगते, कारण ते माझ्या सख्ख्या आईलाही अजून नीट कळलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, "मुलगा समुद्रात असतो आणि मुलगी ऑफिसात टीव्ही बघते." खोटं नाही म्हणा. खोल समुद्रातल्या प्लॅटफॉर्मपासून किनाऱ्यापर्यंत आमच्या कंपनीचा एक्केचाळीस किलोमीटरचा पाइप तळाशी पडलेला आहे. त्यातून गॅस येतो. वर्षातून एकदा बोट जाते, दिवे आणि कॅमेरा लावलेलं एक यंत्र खाली सोडते, ते यंत्र माणसाच्या चालीने पाइपवरून सरकत चित्रण करतं, आणि ते एक्केचाळीस किलोमीटर मी चौथ्या मजल्यावर बसून बघते. वाळू, वाळू, एखादा मासा, पुन्हा वाळू. पाइप कुठे कसा पडलाय ते लिहिते आणि खाली सही करते. ऑफिसात मला 'वाळूबाई' म्हणतात. मला ते ऐकू येत नाही असा त्यांचा समज आहे.

लोकांना वाटतं, एवढा जाड लोखंडी पाइप, वरून काँक्रीटचं वेष्टन, एकदा तळाशी टाकला की संपलं. पाण्याला हे कुणी सांगितलेलं नाही. किनाऱ्यावर लाटेत उभं राहिलं की लाट परत जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते आणि आपण तोल सावरतो. तळाशी पाइपचं तेच होतं. प्रवाह आडवा येतो, पाइपखालून घुसायला बघतो, आणि चिमूटभर वाट मिळाली की तिथली वाळू उपसायला लागतो. फट आज पाच मीटर, पंधरवड्याने वीस. मग पाइप दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी लोंबतो. याला आम्ही स्पॅन म्हणतो. अशा लोंबत्या पाइपच्या वरून-खालून पाणी जाताना मागे भोवरे सोडतं, एकदा वरच्या बाजूने, एकदा खालच्या, आणि पाइप थरथरायला लागतो. डोळ्यांना दिसत नाही इतकं थोडं. पण तार हातात धरून इकडून तिकडे वाकवत बसलं की शेवटी काय होतं ते शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पाइपचे वेल्डिंगचे जोड तसेच जातात.

म्हणून माझ्या रिपोर्टात एक रकाना असतो, स्पॅन किती. सतराव्या किलोमीटरला गेली नऊ वर्षं मी तिथे शून्य लिहीत आले. पाइप अर्ध्याहून जास्त वाळूत गाडलेला, खाली फट नाही, काळजी नाही.

सोमवारी मी शेवटच्या पाहणीतलं ते चित्रण पुन्हा बघत होते, कारण गुरुवारचं काम तिथलं होतं. पाइप गंजू नये म्हणून त्याला झिंकचे ठोकळे लावतात. पाइपच्या ऐवजी ते झिजतात. तिथला एक ठोकळा झिजून संपला होता. डायव्हरने खाली जायचं, पाण्याच्या फवाऱ्याने पाइपभोवतीची वाळू उडवायची, त्या खड्ड्यात आडवं होऊन जुना ठोकळा काढायचा आणि नवा बसवायचा. डायव्हर म्हणजे माझा भाऊ.

चित्रणात एके ठिकाणी यंत्राचा पंखा वाळूला लागला असावा. वाळूचा ढग उठला, हळूहळू खाली बसला, आणि पाइपची खालची बाजू हातभर उघडी पडली. त्यावर पांढरे, खडबडीत शिंपले होते. बोटीच्या बुडाला, जेटीच्या खांबांना चिकटतात ना, ते. मेलेले, पण अगदी दाट.

मी चित्र थांबवलं आणि तोंडातून एक शब्द गेला, जो इथे लिहीत नाही. हे शिंपले वाहत्या पाण्यात वाढतात. वाळूखाली त्यांचा निभाव लागत नाही. आणि ज्या पाइपच्या पोटाखाली नऊ वर्षं वाळूच आहे असं मी सहीनिशी सांगत आले होते, तिथे ते घर करून, नखाएवढे होऊन, मरून गेले होते. म्हणजे निदान दोन-तीन महिने तिथे मोकळं पाणी वाहत होतं.

ते दोन-तीन महिने कोणते हे कळायला मला वेळ लागला नाही. आम्ही पाहणी करतो ती वर्षातल्या सगळ्यात शांत महिन्यात. खवळलेल्या दिवसांत लाटा थेट तळापर्यंतचं पाणी ढवळतात, पाइपखालची वाळू नेतात, पाइप लोंबतो, थरथरतो, झिजतो. समुद्र निवला की संथ लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. खड्डा भरतो, वर गुळगुळीत सपाटी येते. आणि मग आम्ही कॅमेरा घेऊन जातो. घर आवरून झाल्यावर पाहुण्यांनी यावं आणि या घरात कधी पसारा नसतो असं लिहून द्यावं, तसा माझा रिपोर्ट.

शांत महिन्याची ही कल्पना कोणाची, असं कुणी विचारेल. माझी. आधी पाहणी कधीही व्हायची. नऊ वर्षांपूर्वी बोट लाटांमुळे अकरा दिवस बंदरात अडकून पडली, निघाली तेव्हा चित्रण गढूळ आलं, आणि मी तावातावाने दोन पानी टिपण लिहिलं की शहाण्या माणसांनी समुद्र शांत असताना जावं. सगळ्यांनी मान डोलावली. मला त्या वर्षी बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

मी तशीच उठून साहेबांकडे गेले. आमच्या साहेबांचं नाव आम्ही 'ठीकाहे' ठेवलंय. काहीही सांगा, ते "ठीक आहे" म्हणतात आणि पुढे काही होत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी तेही म्हटलं नाही.

"साहेब, गुरुवारी डायव्हर उतरायच्या आधी पाइपमधलं प्रेशर खाली आणायला हवं," मी म्हणाले, आणि शिंपल्यांची सगळी हकीकत सांगितली.

"शिंपल्यांवरून प्रेशर?" त्यांनी चष्मा काढला. "आख्ख्या किनाऱ्याचा गॅस निम्मा करायचा, शिंपल्यांवरून?"

"शिंपल्यांवरून नाही, तिथला जोड कधीचा हलत असणार म्हणून. आज वाळू आहे म्हणून तो टेकलेला आहे. डायव्हर जाऊन तीच वाळू उडवणार. आत गॅस पूर्ण जोरात. जोडाला चीर असली तर?"

"चीर आहे असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, म्हणून तर आलेय!"

त्यांनी शांतपणे माझीच फाइल पुढे ओढली. "नियम काय आहे? मागच्या पाच रिपोर्टांत स्पॅन शून्य असेल, तर पूर्ण प्रेशरवर डायव्हर उतरवता येतो. पाचही रिपोर्ट शून्य म्हणतात. पाचही तुमचे. आता तुम्ही म्हणता पाइप उघडा पडतो, तुमची सही म्हणते पडत नाही. मी यातल्या कोणत्या बाईंचं ऐकू?"

"समोर बसलेल्या बाईचं ऐका."

"रिपोर्ट चूक आहेत का?"

"त्या-त्या दिवशी तिथे वाळू होती."

"मग बरोबर आहेत."

"बरोबर आहेत पण खोटे आहेत!" हे मी इतक्या जोरात म्हणाले, की बाहेरच्या टेबलांवरचे कीबोर्ड थांबले.

साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. "एक मार्ग आहे," ते म्हणाले. "रिपोर्ट मागे घेण्याचा फॉर्म असतो. पाचही मागे घ्या. यांच्यावर विसंबू नये, असं लेखी द्या. मग तो नियमच लागू होत नाही, प्रेशर खाली आणावंच लागेल. फक्त एवढं लक्षात ठेवा, पाच रिपोर्ट मागे घेणाऱ्या माणसाला सहावा लिहायला कुणी देत नाही."

मी म्हणाले, विचार करते. खरं तर विचार वगैरे करायचा नव्हता, दुसरी वाट शोधायची होती. इतक्या वर्षांची नोकरी, कुणीही कधी माझ्या आकड्यावर बोट ठेवलेलं नाही, आणि आता मीच उठून सांगू की सगळं रद्दीत घाला? मंगळवारचा आख्खा दिवस मी ती दुसरी वाट शोधण्यात घालवला. कंट्रोल रूमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, प्रेशर खाली आणतो की, सुरक्षा विभागाचा कागद पाठवा. सुरक्षा विभागातली बाई म्हणाली, कागद देते की, साहेबांची सही आणा. साहेबांचा शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. बोटीच्या कॅप्टनला गाठलं, तर तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त बोट नेतो. पाइपच्या आत काय आहे ते मला बापजन्मी कुणी सांगितलं नाही." दुपारपर्यंत माझा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा निदान उलट उत्तर तरी देत नाही.

शेवटी भावाला फोन लावला. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला पोहायला मी शिकवलं, हे तो सगळ्यांना सांगतो, आणि पाण्यात ढकलून शिकवलं, हेही सांगतो. तो पुढे डायव्हर होईल असं वाटलं असतं तर ढकललं नसतं.

"गुरुवारी तू जायचं नाहीस," मी म्हणाले.

"का गं?"

मी सांगितलं. शिंपले, शांत महिना, जोड, सगळं. तो एरवी फोनवर सारखा हसतो. त्या दिवशी हसला नाही.

"सतराव्या किलोमीटरला?" त्याने विचारलं. "ताई, म्हणजे मग तेव्हा—"

"तेव्हा-बिव्हा राहू दे, आधी माझं ऐक. ताप आलाय म्हणून सांग. कान दुखतोय म्हण."

"मी नाही गेलो तर गवंडी जाईल. त्याला दोन लहान मुली आहेत." गवंडी म्हणजे त्याचा जोडीदार. आधी बांधकामावर होता, म्हणून हे नाव. "त्याला पाठवून मी घरी झोपू का?"

"मग दोघंही जाऊ नका!"

"अगं, मग कंपनी तिसऱ्याला पाठवेल. डायव्हर काय, पैशाला पासरी. तू प्रेशर खाली आण, मग कुणीही जाऊ दे." थोडा थांबून म्हणाला, "ताई, एक सांगू का?"

"काही सांगू नकोस. मला काम आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. घरात माझ्यासारखा हट्टी तो एकटाच.

बुधवारी सकाळी मी फॉर्म भरायला घेतला. पहिलं पान सोपं होतं, रिपोर्टांचे क्रमांक आणि तारखा. दुसऱ्या पानावर कारण. तिथे मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. 'पाहणीचा महिना योग्य नसल्याने', असं लिहिलं, मग वाटलं, योग्य नसल्याने म्हणजे काय, महिना आपल्या पायांनी चालत आला का? शेवटी लिहिलं, 'पाहणीसाठी शांत महिना मी निवडला. त्यामुळे स्पॅन कधी दिसले नाहीत. चूक माझी आहे.' लिहिल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला काही हलकं वाटलं नाही. भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

तिसऱ्या पानाने तो प्रश्न सोडवला. तिथे यादी मागितली होती, या रिपोर्टांवर विसंबून कोणकोणती कामं झाली ती. त्यासाठी डायव्हिंगचं रजिस्टर बघावं लागतं. ते जेटीवरच्या छोट्या ऑफिसात असतं, दोरखंड आणि रबरी सूटांच्या वासात. मी तिथल्या स्टुलावर बसून पाच वर्षांच्या नोंदी काढल्या. सतराव्या किलोमीटरला पाच वर्षांत चार वेळा माणूस उतरला होता. चारही वेळा पूर्ण प्रेशर. त्यांतल्या तीन वेळा माझा भाऊ.

तीन वेळा. आणि मंजुरीच्या रकान्यात दर वेळी एकच ओळ, 'रिपोर्टप्रमाणे स्पॅन शून्य.' मी इथे चौथ्या मजल्यावर चहा पीत होते, तो तिथे त्या जोडाला कान लावून पडला होता, माझ्या शून्याच्या भरवशावर.

मग उरलेली एक नोंद वाचली आणि डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षांपूर्वी, ऐन खवळलेल्या दिवसांत, मासेमारीचं एक मोठं जाळं पाइपला अडकलं होतं. समुद्र दोन दिवस जरा निवला तेवढ्यात बोट गेली, डायव्हर उतरला, जाळं कापून वर आला. डायव्हरच्या रकान्यात गवंडीचं नाव. शेरा, 'जाळं काढलं. पाइप ठीक.'

पाइप ठीक! ज्या दिवसांत तो पाइप लोंबत असणार, त्याच दिवसांत हा माणूस तिथे प्रत्यक्ष गेला होता. साऱ्या कंपनीत एकच माणूस, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असणार. आणि लिहितो काय, तर पाइप ठीक! डोळे काय बोटीवर ठेवून उतरला होता? एक ओळ लिहिली असती, एक, तर मी दुसऱ्या दिवशी महिना बदलला असता, जोड तपासला असता, भाऊ त्यानंतर दोनदा तिथे गेलाच नसता. मी तिथल्या कारकुनाला विचारलं, हा गवंडी कुठे आहे. तो म्हणाला, दोघंही बोटीवर पोचले, बोट निघाली, आता फोन लागणार नाही. मी त्या बिचाऱ्या कारकुनावरच ओरडले. त्याने मला बिस्कीट देऊ केलं.

दुपारी तीनला फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तिन्ही पानं वाचली. यादीतल्या भावाच्या नावापाशी त्यांचं बोट थोडं थांबलं.

"हा तुमचा सख्खा?"

"हो."

"सोमवारी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर नियम बदलला असता का?"

त्यांनी पेन उघडलं. सही केली आणि म्हणाले, "ठीक आहे." पहिल्यांदाच त्या शब्दांनंतर काहीतरी झालं. पाच वाजता प्रेशर उतरायला लागलं, आणि गुरुवारी सकाळी साडेसातला ते निम्म्याच्याही खाली होतं.

साडेअकराला बोटीवरून निरोप आला. वाळू उडवल्यावर जोडावरचं वेष्टन फुटलेलं दिसलं. आत, जोडाच्या खालच्या अंगाला, चीर. वीतभर लांब, नख जाईल एवढी. गळती नव्हती. डायव्हरला वर घेतलं, पाइप पूर्ण बंद केला. पूर्ण प्रेशर असतं तर काय झालं असतं, असं मी दुपारच्या बैठकीत विचारलं. बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, सांगता येत नाही. एवढे शिकलेले तज्ज्ञ आणि एवढं साधं सांगता येत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं रडले, तोंड धुतलं, आणि परत येऊन बसले. संध्याकाळी चिठ्ठी आली. चौकशी होईपर्यंत पाहणीचं काम दुसऱ्याकडे. तक्रार करायला तोंड नव्हतं. पुढच्या पाहणीचा महिना तेवढा बघितला. तोच होता. बोट आधीच ठरलेली होती म्हणे. मी पुन्हा साहेबांच्या दारापर्यंत गेले, आणि बाहेरच्या शिपायाने नुसती मान हलवून नाही म्हटलं.

शुक्रवारी दुपारी बोट परत आली. मी जेटीवर उभी होते. भाऊ उतरला, मला बघून हसला, आणि म्हणाला, "भूक लागलीय." जेटीच्या टोकाला एक चहाची टपरी आहे, तिथे बाकावर बसलो. त्याने चार उकडलेली अंडी आणि पाव घेतला. त्याला जेवताना बघून मला इतकं बरं वाटत होतं की मी लगेच भांडायला सुरुवात केली.

"तुझा तो गवंडी कुठे आहे? त्याला माझ्यासमोर उभा कर."

"त्याने काय केलं?"

"काय केलं? काही केलं नाही, हेच केलं! दोन वर्षांपूर्वी जाळं कापायला उतरला होता ना तो, सतराव्या किलोमीटरला? ऐन खवळलेल्या दिवसांत? पाइप तेव्हा अधांतरी लोंबत असणार. आंधळ्याला दिसला असता. आणि लिहितो, पाइप ठीक. आळशी कुठला. दोन ओळी लिहायच्या म्हणून जिवावर आलं असेल. त्याच्या आळसापायी तू त्यानंतर दोनदा—"

"ताई."

"नाही, मला बोलू दे. मी माझी चूक लिहून दिली. त्याने द्यायला नको?"

"ताई, तो गवंडी नव्हता. मी होतो."

मला वाटलं, जोडीदाराला पाठीशी घालतोय. पण तो अंडं सोलायचं थांबला होता.

"त्याला सर्दी झाली होती. कान बसला होता. असा माणूस खाली गेला तर कानाचा पडदा जातो. रजिस्टर आदल्या दिवशीच भरलेलं. म्हटलं, नाव राहू दे, मी जातो. आम्ही करतो असं. जाळं पाइपच्या खालून गुंडाळलेलं होतं. ते ओढायला हात घातला, तर खांद्यापर्यंत आरपार गेला. मग दिवा मारला. दोन माणसं रांगत जातील एवढी फट. पुढे किती लांब होती ते दिसलंच नाही. आणि पाइपवर तळवा ठेवला, तर तो थरथरत होता. मला वाटलं माझाच हात गारठलाय. दुसरा ठेवून बघितला."

"आणि हे लिहिलं नाहीस."

"वर आल्यावर सांगितलं की. सुपरवायझरने तुझा रिपोर्ट काढला. म्हणाला, इथे स्पॅन शून्य लिहिलाय, तू दुसरीकडेच कुठेतरी उतरला असशील. खाली तुझी सही. पाणी गढूळ होतं, मलाही वाटायला लागलं की आपलंच चुकलं. त्यात दुसऱ्याच्या नावावर उतरलेलो. जास्त ताणलं नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. मी साऱ्या कंपनीत साक्षीदार शोधत फिरले आणि साक्षीदार दर रविवारी माझ्या घरी जेवत होता. माझा राग इतका वर आला की टपरीवाल्याने वळून बघितलं.

"आणि मला?" मी म्हणाले. "त्या गाढवाला सांगितलंस, मला सांगायला काय झालं होतं? सख्खी बहीण तुझी! तेच काम करते! दर रविवारी येतोस, तीन-तीन तास बडबडतोस, शेजाऱ्यांच्या मांजराचं बाळंतपण सांगतोस. हे एवढं सांगता आलं नाही?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"त्याच रविवारी. तू ताटं मांडत होतीस. मी म्हणालो, ताई, सतराव्या किलोमीटरला पाइपखाली फट आहे असं वाटतंय. तू म्हणालीस, 'तू पाइपवर बसतोस, मी पाइप वाचते. मला शिकवू नकोस.' मी पुढे बोलणार होतो, तर तू आमटीत मीठ आहे का बघ म्हणालीस."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. तो रविवार, ती ताटं, ती आमटी, काहीच नाही. पण ते वाक्य माझंच आहे. त्या सुरात ते दुसरं कुणी म्हणूच शकत नाही. माझ्या तोंडून असली वाक्यं दिवसाला दहा जातात, त्यांतलं एक आठवणार कुठून?

तो परत अंडं सोलायला लागला. माझ्यावर रागावला नव्हता. रागावला असता तर मी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते.

मी पर्समधून वही काढली, पेन काढलं. "सांग," मी म्हणाले. "तेव्हाचं सगळं, पहिल्यापासून सांग. मी लिहून घेते. महिना बदलायला लावते त्यांना. तू सांग, मी मधे एक शब्द बोलत नाही."

त्याने पाव गिळला, हात पुसले, थोडा विचार केला आणि सांगायला लागला. त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दोनदा मधे बोलले होते.